चेअरमनसाहेब, बॉयलर हाउसच्या फिटरचा कागद कुठे आहे?

प्रति,
मा. अध्यक्ष आणि संचालक मंडळ,
बारामती व इंदापूर तालुक्यांतील सहकारी साखर कारखाने



वार्षिक सभेला आपण उसाच्या दरावर भांडतो, रिकव्हरीवर भांडतो, डिस्टिलरीच्या कर्जावर आणि सभासदांच्या साखरेवर तर हमखास भांडतो. स्टेजवरून आणि मंडपातून एवढा आरडाओरडा होतो, पण बॉयलर हाउसमध्ये तीस-पस्तीस सीझन काढलेल्या माणसाच्या फुप्फुसात काय साठलं असेल, हा विषय कधी पुकारला गेल्याचं मला आठवत नाही. तो पुकारावा म्हणून हे जाहीर पत्र. मी ऊस घालणारा सभासद आहे आणि कारखान्यात नोकरी केलेली माणसं माझ्या भावकीत आहेत. आपल्याकडं बहुतेक घरांचं असंच असतं. एका भावाचा ऊस गव्हाणीत पडतो आणि दुसरा भाऊ मिल हाउसला पाळीवर असतो.

विषय ॲस्बेस्टॉसचा आहे. हे नाव घेतलं की लोकांना छपराचे सिमेंटचे पत्रे आठवतात. कारखान्यात काम केलेल्याला आणखी बरंच आठवेल. वाफेच्या मोठ्या पाइपांवर आणि बॉयलरच्या अंगावर चढवलेलं जुनं लॅगिंग, भट्टीच्या दारांना लावायची पांढरी दोरी, व्हॉल्व्ह आणि पंपांच्या ग्लँडमध्ये ठोकून बसवायचं पॅकिंग, फ्लँजच्या मापानं कापायचे गॅस्केटचे शीट. उष्णता सोसणारा आणि स्वस्त माल म्हणून जगभरच्या बॉयलर हाउसांत हेच वापरलं गेलं. रॉकवूल आणि ग्लासवूल नंतर आले. छत्रपती, माळेगाव, सोमेश्वर हे आपले जुने कारखाने पन्नास-साठच्या दशकांत उभे राहिले. त्याच्याही आधी वालचंदनगरला साखर निघत होती, आणि पुढं तिथं साखर कारखान्यांची यंत्रसामग्रीही घडू लागली. तो सगळा काळ ॲस्बेस्टॉसच्या भरभराटीचा होता. आज कोणत्या कारखान्यात ते किती उरलंय, याबद्दल मी आरोप करत नाही. तो हिशेब तुमच्या स्टोअरच्या जुन्या रजिस्टरांत आणि खरेदीच्या बिलांत आहे. तिथं बघायला सांगतोय.

धोका ते लावताना असतो, त्याहून जास्त ते काढताना असतो. म्हणजे ऑफ-सीझनला. गाळप संपलं की दुरुस्तीची कामं निघतात आणि जुनं लॅगिंग हातोडा-छिन्नीनं फोडून खाली पाडलं जातं. वाळलेलं गॅस्केट फ्लँजवरून खरवडायचं, राहिलेलं वायर ब्रशनं किंवा ग्राइंडरनं साफ करायचं, खाली पडलेला भुगा झाडूनं गोळा करायचा. ज्या धुळीनं माणूस मरतो ती डोळ्यांना दिसणाऱ्या धुळीपेक्षा बारीक असते. तिचे तंतू श्वासाबरोबर खोल जातात आणि तिथंच राहतात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत. वर्षानुवर्षं आत व्रण होत जातो, फुप्फुस ताठर होतं, माणसाला जिना चढवेनासा होतो. या आजाराला ॲस्बेस्टोसिस म्हणतात. त्याच तंतूंनी फुप्फुसाचा कॅन्सर होतो, आणि फुप्फुसावरच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कॅन्सरही होतो. ॲस्बेस्टोसिसमध्ये व्रण झालेलं फुप्फुस पूर्ववत करणारं औषध अजून नाही.

या आजाराचा खरा कावा त्याच्या उशिरात आहे. धूळ नाकात जाणं आणि छातीत आजार दिसणं यांत दहा-वीस वर्षं सहज जातात, मेसोथेलिओमाला तीस-चाळीससुद्धा लागतात. १९८५ साली विशीत बॉयलर हाउसला लागलेला पोरगा आज साठीत आहे. त्याचा निरोपसमारंभ झाला, शाल-श्रीफळ मिळालं, ग्रॅच्युइटी घेऊन तो घरी बसला आणि मग खोकला सुरू झाला. डॉक्टर एक्स-रे बघून टीबीचा संशय घेतात, सहा महिने गोळ्या चालतात, गुण येत नाही. घरचे म्हणतात, तंबाखू-बिडीनं झालं. पंचाहत्तरी गाठायच्या आत माणूस जातो आणि मृत्यूच्या दाखल्यावर श्वसनविकार एवढंच लिहिलं जातं. तुम्ही आयुष्यभर काय काम केलंत, हा प्रश्न या सगळ्या प्रवासात कुणीच विचारलेला नसतो.

असा प्रश्न विचारला की काय होतं, हे घाटकोपरला दिसलं. मुंबईत लालबहादूर शास्त्री मार्गावर हिंदुस्तान फेरोडो नावाचा कारखाना होता, पुढं त्याचं नाव हिंदुस्तान कंपोझिट्स झालं. ब्रेकचे लायनर, ॲस्बेस्टॉसचं कापड, दोऱ्या, पॅकिंग असा माल तिथं निघायचा. ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटर या मुंबईतल्या संस्थेचे डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी तिथल्या कामगारांची छाती तपासली आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासलेल्या १८१ कामगारांत साधारण पाचातल्या एकाला ॲस्बेस्टोसिस निघाला. ही माणसं त्याआधी डॉक्टरांकडं गेलीच नव्हती असं नाही. त्यांच्या छातीकडं कामाच्या अंगानं बघणारं कुणी भेटलं नव्हतं.

घाटकोपरच्या त्या कारखान्याची मूळ मालक कंपनी इंग्लंडची टर्नर अँड न्यूऑल. रॉचडेल गावातली ही कंपनी ॲस्बेस्टॉसच्या धंद्यातली जगातली एक दादा कंपनी होती. तिच्याच गिरणीत ॲस्बेस्टॉसचा धागा कातणारी नेली करशॉ नावाची बाई १९२४ साली वयाच्या तेहतिसाव्या वर्षी फुप्फुसाच्या आजारानं गेली. विल्यम कुक या डॉक्टरनं तिच्या फुप्फुसात खनिजाचे कण सापडल्याचं लिहिलं आणि ॲस्बेस्टॉसनं मृत्यू झाल्याची वैद्यकशास्त्रातली ती पहिली नीट नोंद ठरली. कंपनीनं जबाबदारी झटकली आणि भरपाई दिली नाही. एकीला दिली तर पायंडा पडेल, ही भीती होती. त्या भीतीचं पुढं काय झालं बघा. दाव्यांचा डोंगर उभा राहिला आणि २००१ मध्ये टर्नर अँड न्यूऑल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्यातून दावेदारांसाठी एक विश्वस्त निधी तयार झाला. घाटकोपरच्या आणि मुलुंडच्या ॲस्बेस्टॉस सिमेंट कारखान्याच्या काही आजारी कामगारांचे दावे मुंबईहून त्या निधीकडं गेले आणि त्यांना पैसे मिळाले. रॉचडेलच्या बाईला जे नाकारलं गेलं, ते मुंबईच्या कामगारापर्यंत पोचायला ऐंशी वर्षं लागली.

आता आपल्या दोन तालुक्यांकडं येतो. घाटकोपरच्या कामगाराला दावा करायला परदेशातला एक मालक होता. आपल्या बॉयलर हाउसच्या फिटरचा मालक कोण? सहकारी कारखाना, म्हणजे तुम्ही, मी आणि उसाच्या बिलातून शेअरची रक्कम कापून घेतलेले हजारो सभासद. कायद्यानं भरपाईची जबाबदारी मालकावर आहे, तर ती आपल्यावर आहे. खासगी कंपनीच्या दारात मोर्चा नेणं सोपं असतं. इथं मोर्चा आपल्याच दारात येतो, म्हणून आपण सगळेच जरा खाली बघतो.

काही जण म्हणतील, कामगार विमा योजना आहे ना, तिथून घ्या. साखर कारखान्याला ते दार बंद आहे. १९४८च्या राज्य कामगार विमा कायद्यातून हंगामी कारखाने वगळलेले होते आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत साखर, गूळ अगदी नाव घेऊन लिहिलेले होते. नव्या संहितेतही हंगामी कारखाना बाहेरच आहे. बारामतीच्या एमआयडीसीत पगाराच्या मर्यादेत बसणाऱ्या कामगाराला विम्याचं कार्ड आहे, तसं कार्ड माळेगावच्या किंवा छत्रपतीच्या फिटरकडं कारखान्याच्या नोकरीतून येत नाही. त्याच्यासाठी रस्ता एकच, कामगार नुकसानभरपाईचा. १९२३चा तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या, पण व्यवसायजन्य आजारांच्या भरपाईचं तत्त्व कायम आहे.

जुन्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीचा क भाग एकदा कामगार अधिकाऱ्यांकडून वाचून घ्या. त्यात पहिल्याच नोंदीत सिलिकोसिसच्या शेजारी ॲस्बेस्टोसिस आहे. आणि लगेच दुसरी नोंद कोणती? बगॅसोसिस. कुजत पडलेल्या बगॅसच्या धुळीनं होणारा आजार, म्हणजे खास आपल्या धंद्याचा. साखर कारखान्याच्या माणसासाठी कायद्यानं इतक्या वर्षांपूर्वी जागा करून ठेवलीय आणि आपल्या किती कारखान्यांत या नोंदीखाली एकतरी अर्ज आला, हे तुम्हीच सांगा. अर्ज आलेच नसतील तर त्याचा अर्थ आजार नाही, असा मी तरी काढणार नाही.

याच कायद्यात आणखी तीन गोष्टी आहेत आणि त्या कामगारांनाही कळाव्यात म्हणून इथं लिहितो. नोकरी सुटल्यानंतर आजार निघाला आणि तो त्या कामातूनच झाला हे सिद्ध झालं, तर हक्क जात नाही. माणसानं दोन-तीन कारखान्यांत काम केलं असेल तर क भागातल्या आजाराची भरपाई त्या-त्या मालकांमध्ये वाटून लावायची सोय आहे. एका कारखान्यानं दुसऱ्याकडं बोट दाखवायचं कारण नाही. आणि ठेकेदाराचा माणूस असला तरी, काम कारखान्याच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असेल तर भरपाई मुख्य मालकाकडून मागता येते, मालकानं ती मागाहून ठेकेदाराकडून वसूल करावी. लॅगिंग काढायला आणलेली टोळी ठेकेदाराची होती, आमच्या मस्टरवर नव्हती, हे उत्तर त्यामुळं पुरत नाही. खरं तर सगळ्यांत जास्त धूळ त्या टोळीनं खाल्लेली असते, आणि तिची नावं कुठंच नसतात.

रक्कम किती, हेही उघड बोलू. १९२३च्या कायद्याच्या हिशेबात कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर मासिक वेतनाच्या साठ टक्के गुणिले वयानुसारचा गुणक. वेतन कितीही असलं तरी २०२० पासून १५,००० रुपयांपर्यंतच धरलं जायचं. साठाव्या वर्षीचा गुणक ११७.४१. म्हणजे ९,००० गुणिले ११७.४१, झाले १०,५६,६९० रुपये. मृत्यू झाला तर पन्नास टक्क्यांनी ८,८०,५७५, आणि ते वारसांना. निवृत्त माणसाचं वेतन कोणतं धरायचं, यावर वाद घालायला वकिलांना जागा आहे, आणि अपंगत्व अर्धवट असेल तर रक्कम त्या टक्क्यांत उतरते. तुटलेल्या बोटाची टक्केवारी कायद्याच्या अनुसूचीत छापलेली आहे, दम लागण्याची छापलेली नाही. ती डॉक्टरनं ठरवायची. म्हणून श्वासाच्या क्षमतेची चाचणी, सीटी स्कॅन आणि ते समजून अहवाल लिहिणारा डॉक्टर लागतो. बारामतीत आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पूर्वी पुणे-मुंबई गाठावं लागायचं, तेवढी तरी सबब उरली नाही.

अडतं ते पुढच्या पायरीवर. डॉक्टरनं अहवाल लिहिला, वकील मिळाला, कामगार नुकसानभरपाई आयुक्तांसमोर अर्ज गेला, तर पहिला प्रश्न येतो: तुमचा ॲस्बेस्टॉसशी संबंध आला होता, याचा पुरावा काय? चाळीस वर्षांपूर्वी कोणत्या विभागात होतो, कोणत्या ऑफ-सीझनला कोणत्या बॉयलरचं लॅगिंग काढलं, तेव्हा स्टोअरमधून कोणता माल निघाला, हे त्या माणसानं कुठून दाखवायचं? हे सगळे कागद मालकाकडं असतात. आजारी माणसाकडं असते पीएफची पावती आणि हंगामी-कायमच्या वादात चुरगळलेली नेमणूक-ऑर्डर.

सर्वोच्च न्यायालयानं ही मेख १९९५ मध्येच ओळखली होती. कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा निकाल २७ जानेवारी १९९५ चा. कामगाराचं आरोग्य हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं त्यात न्यायालयानं स्पष्ट म्हटलं. ॲस्बेस्टॉस उद्योगाला आदेश दिला की प्रत्येक कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या सुरुवातीपासून चाळीस वर्षं किंवा नोकरी संपल्यावर पंधरा वर्षं, यातली जी मुदत उशिरा संपेल तोपर्यंत जपा. गुजरातच्या ज्या कामगारांना आजार असल्याचं फेरतपासणीत ठरेल त्यांना प्रत्येकी एक लाख रुपये द्यायला सांगितलं. आता तुमचे कायदा सल्लागार सांगतील की तो आदेश ॲस्बेस्टॉस बनवणाऱ्या कारखान्यांना होता, साखर बनवणाऱ्यांना नव्हता. सांगू द्या. अक्षर बघितलं तर त्यांचं बरोबर असेल. पण चाळीस वर्षांचा आकडा न्यायालयानं हवेतून काढला नव्हता, आजाराच्या उशिरावरून काढला होता. आणि तंतू फुप्फुसात जाताना बाहेरच्या पाटीवर साखर लिहिलंय की सिमेंट, हे बघत नाही.

दुसरी अडचण माझ्याही मनात आहे. कारखान्यांकडं पैसा कुठाय? एफआरपीचे, म्हणजे उसाच्या कायदेशीर किमान दराचे, हप्ते मागं-पुढं होतात, कामगारांचे पगार थकतात, आणि त्यात दहा लाखांचे दावे उभे राहिले तर शेवटी कपात उसाच्या दरातूनच होणार. ही भीती खोटी नाही. म्हणूनच आपली कामगार नुकसानभरपाईची विमा पॉलिसी उघडून बघा म्हणतो. त्यात व्यवसायजन्य आजार धरलाय का, की फक्त अपघात? ठेकेदाराची माणसं धरलीत का? जिथं धरली नसतील तिथं यंदाच्या नूतनीकरणाला धरून घ्या. हप्ता वाढेल, मान्य. पण आज फिटरच्या औषधाचा खर्च त्याच्या घरचे जमीन गहाण टाकून करतात, तो खर्च कुणाच्या ताळेबंदात दिसत नाही एवढंच. राजस्थान सरकारनं २०१९ मध्ये फुप्फुसांच्या धूळरोगांसाठी धोरण करून आजाराचा दाखला मिळाल्यावर तीन लाख आणि मृत्यूनंतर दोन लाख देण्याची सोय केली. तिथल्या दगडखाणींतले मजूर संघटित झाले म्हणून ते झालं. महाराष्ट्रात तसं काही मागायचं तर ती मागणी साखर संघाच्या तोंडून सरकारला जास्त ऐकू जाईल, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

तर मागणं काय? पैसे नंतर, आधी कागद. ज्यांनी १९७० पासून पुढं बॉयलर हाउस, टर्बाइन, इव्हॅपोरेटर, पॅन, फिटिंग आणि स्टोअर इथं काम केलं, त्यांची यादी कारखान्यानं स्वतः करावी. जिवंत, निवृत्त, मयत, सगळ्यांची. हंगामी आणि ठेक्याचे कामगारही त्यात घ्यावेत, मस्टर नसेल तिथं जुन्या सहकाऱ्यांना विचारून घ्यावेत. प्रत्येकाला, किंवा त्याच्या वारसाला, कोणत्या साली कोणत्या विभागात काय काम केलं याचा सही-शिक्क्याचा दाखला द्यावा. त्यात ॲस्बेस्टॉसच्या मालाच्या खरेदीची वर्षं लिहावीत. असा दाखला दिला म्हणजे भरपाई कबूल केली असं होत नाही, हे तुमच्या वकिलांना मी सांगायला नको. तो फक्त खरं काय घडलं एवढं सांगतो. यादीतल्या लोकांची छातीची तपासणी कारखान्याच्या खर्चानं व्हावी आणि अहवालाची प्रत कामगाराच्या हातात पडावी, फायलीत नव्हे. आजार निघाला तर तपासणाऱ्या डॉक्टरनं तो कारखाने निरीक्षकांच्या यंत्रणेला कळवायचा, ही जबाबदारी कारखाने कायद्यापासून चालत आली आहे. ती न पाळल्याचा दंड तेव्हा जेमतेम एक हजार रुपयांपर्यंत होता, त्यामुळं ती कितपत पाळली गेली असेल याचा अंदाज करा.

दावा किती दिवसांत करायचा, हेही जाता जाता निवृत्त बांधवांसाठी: १९२३च्या कायद्यात मुदत दोन वर्षांची होती आणि सबळ कारण दाखवलं तर आयुक्तांना उशीर माफ करता यायचा. आजाराचं नाव पहिल्यांदा ज्या कागदावर आलं, तो कागद तारखेसह जपून ठेवा. आणि डॉक्टरसमोर बसल्यावर बिडी ओढतो की नाही एवढंच सांगून उठू नका, कारखान्यात कुठं होतो तेही सांगा. बिडी आणि ॲस्बेस्टॉस दोन्ही अंगात गेले असतील तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कित्येक पट वाढतो. बिडी ओढत होता म्हणून ॲस्बेस्टॉसची जबाबदारी सुटत नाही.

शेवटचं मागणं तातडीचं आहे. विस्तारीकरण आणि सहवीजनिर्मितीच्या धडाक्यात जुने बॉयलर, जुन्या पाइपलाइनी भंगारात निघतात. लिलावात माल टनावर जातो, लॅगिंगसकट. भंगारवाला ते फोडायला रोजंदारीची पोरं आणतो आणि पाडलेला भुगा कुठंतरी ओढ्याकाठी टाकून येतो. यापुढच्या प्रत्येक भंगार निविदेत एक अट घाला: आधी लॅगिंगचा नमुना प्रयोगशाळेत तपासायचा, ॲस्बेस्टॉस निघालं तर ते ओलं करून, जाड पिशव्यांत बंद करून, घातक कचऱ्याच्या अधिकृत ठिकाणी पाठवल्याशिवाय बॉयलरला गॅस कटर लावायचा नाही, आणि काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव रजिस्टरला घ्यायचं. ती पोरं आज वीस वर्षांची आहेत. त्यांचा दावा २०५५ साली येईल, तेव्हा तुमच्या-माझ्या जागी दुसरे कुणी असतील आणि त्यांना ते रजिस्टर सापडलं पाहिजे.

येत्या सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत हा विषय घ्यावा, अशी विनंती मी लेखी अर्जानंही करत आहे. ऐनवेळच्या विषयात ढकलू नये. त्या वेळेपर्यंत मंडप निम्मा रिकामा झालेला असतो.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद
नीरा डाव्या कालव्याकाठचं एक गाव, ता. इंदापूर, जि. पुणे